एकटीने स्कीइंगला जाणं कितपत शहाणपणाचं?

रानजाई (लेकवुड, कोलोराडो)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस हे विचारायचं मनात होतं, आज लिहायलाच बसले. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही डेन्व्हरजवळ राहतो. स्कीइंग शिकून चार सीझन झाले. सुरुवात लेकीमुळे झाली, ती स्की स्कूलला जायची आणि आम्ही दोघं खाली कॉफी पीत तिची वाट बघत बसायचो, मग एक दिवस म्हटलं आपण तरी का बसून राहायचं. आता ब्ल्यू रन, म्हणजे मध्यम अवघड उताराची वाट, मी आरामात करते, ब्लॅक डायमंड, म्हणजे अवघड वाट, असेल तर आधी वर उभं राहून नीट बघून घेते आणि मग उतरते. यंदा डिसेंबरमध्ये बॅडमिंटन खेळताना नवऱ्याच्या गुडघ्यातलं एसीएल लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं, त्याचा पूर्ण सीझन गेला. पास तर दोघांचेही आधीच घेतलेले. लेक शनिवारी तिच्या टीमबरोबर असते आणि मला सुट्टी असते गुरुवारी. मग नवराच म्हणाला, तू जा की.

जानेवारीत पहिल्यांदा एकटी कॉपर या स्की रिसॉर्टला गेले. पार्किंगमध्ये बुटांची बकल्स लावताना पोटात गोळा आला होता हे खरं, पण पहिल्या लिफ्टवर बसले आणि खाली बघितलं तर रात्रभर मशीन फिरवून बारीक रेघारेघांचा करून ठेवलेला बर्फ, त्यावर अजून कुणाचीही खूण नाही, सकाळचं ऊन नुकतं कडेला लागलेलं. उतरताना फक्त स्कीच्या कडांचा खर्रर्र आवाज येत होता. कुणाची वाट बघायची नाही, कुणाला ताटकळत ठेवायचं नाही. माझं डावीकडचं वळण नेहमी कच्चं राहायचं, तर एकच रन सलग सहा वेळा केला, फक्त त्या एका वळणासाठी. घरच्यांबरोबर असताना असं कुठे करता येतं हो? दुपारी गाडीत बसून तिळाच्या वड्या खाल्ल्या आणि उगाचच डोळ्यात पाणी आलं. इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

पण तिसऱ्या गुरुवारी पडले. रन जिथे झाडांकडे वळतो तिथे कडेला मऊ बर्फ साचला होता, उजवी स्की त्यात रुतली, निघाली आणि पंधरा फूट वरच राहिली. मी मांडीपर्यंत बर्फात. लागलं काहीच नाही. पण उठून, स्कीपर्यंत चढून, ती परत पायात घालेपर्यंत आठदहा मिनिटं गेली आणि तेवढ्या वेळात एकही माणूस तिथून गेला नाही. फोन बॅगेच्या तळाशी होता आणि ११ टक्के बॅटरी. त्या रात्री झोप लागेना. पाय मोडला असता तर?

आईला सांगलीला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, ती म्हणाली बाईमाणसाने एकटीने डोंगरात कशाला जायचं, काही झालं तर कळणार कुणाला. नवरा जा म्हणतो, पण मी घरी पोचेपर्यंत फोन हातातच धरून बसलेला असतो हे मला माहीत आहे.

तुमच्यापैकी कोणी एकटं जातं का? स्वतःला काही नियम घालून घेतलेत का? आणि एक अजून, ताजा बर्फ पडला की झाडांच्या मधल्या वाटा मला खूप खुणावतात. तिथे एकटीने जावं का?

खिंडीपलीकडे (डेन्व्हर)

रानजाई, जा. अगदी मनापासून सांगतो, जा. मी इथे अठरा वर्षं स्कीइंग करतोय आणि त्यातले निम्म्याहून जास्त दिवस एकट्याने काढलेत. सिंगल्सच्या, म्हणजे एकट्याने आलेल्यांच्या, लाइनमधून भराभर वर जाता येतं, आणि लिफ्टवर शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाशी दहा मिनिटं ज्या गप्पा होतात त्या ओळखीच्यांशीही होत नाहीत.

फक्त एक फरक कायम डोक्यात ठेव. रिसॉर्टच्या चालू, ग्रूम केलेल्या, म्हणजे मशीनने सपाट केलेल्या, रनवर तू एकटी असलीस तरी ओसाड जागी नसतेस. मागून लोक येत असतात, पॅट्रोल, म्हणजे रिसॉर्टचं मदत पथक, फिरत असतं. संध्याकाळी लिफ्ट बंद झाल्या की पॅट्रोलवाले वरून खाली सगळे चालू रन चाळत येतात, कोणी मागे राहिलंय का बघत. म्हणजे त्या रनवर अडकलेल्या माणसापर्यंत अंधाराच्या आत कोणीतरी पोचतंच. तेच तू रिसॉर्टच्या हद्दीची दोरी ओलांडून गेलीस किंवा दोन रनच्या मधल्या झाडीत असलीस तर तुला तिथे शोधायचंय हेच कुणाला माहीत नसतं. तू पडलीस ती जागा नेमकी या दोन्हींच्या सीमेवरची होती. एकटी असशील तेव्हा रनच्या मधल्या भागात राहायचं, कडा सोडायच्या.

फोन बॅगेत नको. आतल्या थरात, छातीशी, अंगाच्या उबेला. थंडीत बॅटरी बघता बघता उतरते. पॅट्रोलचा नंबर ट्रेल मॅपवर छापलेला असतो, तो सकाळी गाडीतच सेव्ह कर, पडल्यावर शोधायला जाऊ नकोस. रनचं नाव लक्षात ठेवायची सवय लाव, प्रत्येक फाट्यावर पाटी असते ती वाचायची, कारण फोन केल्यावर पॅट्रोलचा पहिला प्रश्न असतो की तुम्ही कुठे आहात. आयफोन १४ पासून पुढच्या फोनमध्ये सॅटेलाइटवरून एसओएस जातो, पण त्याला मोकळं आभाळ लागतं, दाट झाडीखाली त्याच्यावर विसंबू नये. आणि एकटी आहेस तर शक्यतो बॅगच नको नेऊस. चेअरलिफ्टवरून उतरताना बॅगेचा पट्टा अडकून माणूस लटकल्याचं मी डोळ्यांनी बघितलंय. नेलीच तर लिफ्टवर बसायच्या आधी काढून मांडीवर घ्यायची.

अजून एक, याच्याबद्दल कोणी बोलत नाही पण मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. परतीचं ड्रायव्हिंग. कॉपरचा पायथाच ९,७०० फुटांवर, माथा १२,००० च्या वर, दिवसभर त्या हवेत पाय वापरलेले, पाणी कमी प्यायलेलं, आणि मग आय-७० हायवेवर बर्फ पडत असताना बोगद्याकडे चढणारी रांग. शेजारी बोलायला कोणी नाही. मी एकटा असलो की अडीचला थांबतो. पाय दुखायला लागल्यावर थांबायचं म्हटलं तर उशीर झालेला असतो, म्हणून घड्याळ बघून थांबतो. गाडीत अर्धा तास बसून डबा खातो, मगच निघतो. "अजून एकच रन" हा जो शेवटचा रन असतो ना, तो एकट्याने मुळीच करायचा नाही.

झाडांबद्दल दुसरं कोणीतरी माझ्यापेक्षा चांगलं सांगेल.

देवदार (सिएटलजवळ)

झाडांबद्दल मी सांगतो कारण मी त्यातून परत आलोय.

ताई, ट्री वेल हा शब्द ऐकला असशील. सूचिपर्णी झाडाच्या खालच्या फांद्या छत्रीसारख्या पसरलेल्या असतात, त्यामुळे बुंध्याभोवती बर्फ दाबून बसत नाही, आत भुसभुशीत पोकळी राहते. वरून काही दिसत नाही, पांढरं सपाट दिसतं. त्यात माणूस बहुतेक वेळा डोकं खाली पाय वर असाच पडतो, कारण स्की वर फांद्यांत अडकते आणि अंग आत जातं. आमच्याकडे कॅस्केड्स डोंगररांगेत एकेका वादळात दोन-तीन फूट बर्फ पडतो, त्यामुळे इथल्या लिफ्टवर, बाथरूममध्ये, सगळीकडे याच्या पाट्या लावलेल्या असतात. तरीही आपण वाचतो आणि सोडून देतो.

सहा वर्षांपूर्वी असाच एक पावडर डे, म्हणजे ताजा भुसभुशीत बर्फ पडलेला दिवस, होता, रनपासून फार तर चाळीस फूट आत होतो. रनवरच्या लोकांचं हसणं मला ऐकू येत होतं इतका जवळ. एका हेमलॉक झाडाच्या अगदी लगत वळलो, स्कीचं टोक फांदीखाली गेलं आणि पुढच्या क्षणाला मी उलटा. अंधार. आधी चिडचिड झाली, मग मी जोरात हललो, आणि वरचा सगळा भुगा नाकातोंडात आला. जितका हलत होतो तितका खाली जात होतो. ओरडलो, तर माझाच आवाज मला बोळा कोंबल्यासारखा आला. रनवरच्या कुणालाही काही ऐकू गेलं नाही. डावा हात नशिबाने तोंडाजवळ राहिला होता, त्या हाताने नाकापुढे मुठीएवढी जागा केली आणि मग कसंबसं स्वतःला समजावलं की आता हलायचं नाही, फक्त श्वास घ्यायचा. मागून एक स्नोबोर्डर येत होता, त्याला बर्फातून वर आलेली माझी स्की दिसली. त्याने डोक्यावरून नाही, बाजूने खणलं, म्हणून वाचलो. मी त्याला ओळखतही नव्हतो. तो त्या वाटेने आला नसता तर आज हे टाइप करायला मी नसतो.

नंतर वाचलं की यावर प्रयोग झालेत, तयारीने, सगळी मदत बाजूला उभी ठेवून माणसांना ट्री वेलमध्ये ठेवलं, तर त्यातल्या ९० टक्के लोकांना स्वतःहून बाहेर येता आलं नाही. त्यामुळे ताई, ताजा खोल बर्फ आणि झाडी असेल तर एकटीने अजिबात नाही. मला चांगलं येतं वगैरे याला काही अर्थ नाही. आणि जोडीदार असला तरी तो नजरेसमोर पाहिजे, खाली लिफ्टपाशी उभा राहून वाट बघणारा जोडीदार काही कामाचा नाही. तो येऊन शोधेपर्यंत वेळ संपलेली असते. झाडीत शिरण्याआधी पोलचे, म्हणजे हातातल्या काठ्यांचे, पट्टे मनगटातून काढायचे, आणि शिट्टी जॅकेटच्या गळ्यापाशी लटकवायची, तोंडाने पकडता येईल अशी.

गोदाकाठ

शिट्टीला +१. बऱ्याच बॅगांच्या छातीवरच्या पट्ट्याच्या बकलमध्येच एक छोटी शिट्टी असते, लोकांना माहीतच नसतं. बघा आपापल्या बॅगा.

निशिगंध (न्यू जर्सी)

मी इमर्जन्सीमध्ये काम करते, त्यामुळे माझं लक्ष डोक्याकडेच जाणार.

हेल्मेट घालत असशीलच. पण एकटी असताना डोकं आपटलं आणि "मला काही झालं नाही" असं वाटलं, तर ते तुझं तूच ठरवायचं नाही. नताशा रिचर्डसन ही अभिनेत्री आठवते का? मार्च २००९, क्वेबेकमधलं माँ-ट्राँब्लाँ, सोपा उतार, शिकवणीच चालू होती, हेल्मेट नव्हतं. पडली, उठली, बरी आहे म्हणाली, मदतीला आलेल्यांना परत पाठवलं. दोन दिवसांनी गेली. कवटी आणि मेंदूवरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचत जातं आणि मधला काही वेळ माणूस अगदी नीट बोलतो-चालतो, मग एकदम कोसळतो. बरोबर कोणी असलं की त्याच्या लक्षात येतं की ही तेच तेच विचारतेय, हिचा तोल जातोय. एकटीला हे कोण सांगणार? ज्याच्यावर आघात झालाय त्या मेंदूलाच विचारायचं का, की बाबा तू ठीक आहेस का?

तेव्हा नियम एकच कर. डोकं आपटलं तर तो दिवस तिथेच संपला. पॅट्रोलला बोलवायचं, त्यांच्या खोलीत जाऊन बसायचं, नवऱ्याला फोन करायचा, आणि स्वतः गाडी चालवत घरी यायचं नाही. डोकेदुखी वाढत गेली, उलटी झाली, झापड यायला लागली की थेट हॉस्पिटल. इथे पॅट्रोलच्या बर्फावरच्या घसरगाडीतून खाली यायचे सहसा पैसे पडत नाहीत, त्यामुळे त्यांना उगाच कशाला त्रास हा संकोच मनातून काढून टाक. आपल्या बायकांना तो फार असतो.

फोनच्या लॉक स्क्रीनवर इमर्जन्सी कॉन्टॅक्ट, रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं भरून ठेव. बेशुद्ध माणसाच्या फोनचा पिन कुणालाच माहीत नसतो.

कडेलोट

मी वेगळं मत मांडतो, राग नसावा. मला वाटतं एकटं जाऊच नये. दोन वर्षांपूर्वी मी एका रिसॉर्टवर अगदी सोप्या ब्ल्यू रनवर, मध्यभागी, नियमाने उतरत होतो. मागून एक जण भरधाव येऊन आदळला. माझं कॉलरबोन मोडलं. तो उठला, सॉरी म्हणाला आणि निघून गेला. साक्षीला कोणी नाही, त्याचं नाव माहीत नाही, मला हात वर करून कुणाला बोलवताही येत नव्हतं. बरोबर मित्र असता तर निदान त्याला थांबवलं असतं, फोटो काढला असता. पुढे दवाखान्याचं बिल आणि इन्शुरन्सची सगळी भांडणं मी एकट्याने निस्तरली. तुम्ही कितीही जपून करा, दुसरा कसा येतोय ते तुमच्या हातात नाही.

खिंडीपलीकडे (डेन्व्हर)

कडेलोट, वाईट वाटलं वाचून. खालच्या माणसाला वाट द्यायची जबाबदारी वरून येणाऱ्याची, हा पहिल्या दिवशी शिकवतात तो नियम, आणि लोक तोच पाळत नाहीत. कोलोराडोत तर कायदाच आहे की टक्कर होऊन कुणाला लागलं तर नाव-पत्ता दिल्याशिवाय जागा सोडायची नाही, मदत आणायला जायचं असेल तर तेवढ्यापुरतीच सूट. रानजाईने हे माहीत करून घेतलेलं बरं. पण तुमच्या अनुभवावरून मी एकटं जाऊ नका असं म्हणणार नाही, मी म्हणेन शनिवारी-रविवारी भर दुपारी एकटं जाऊ नका. गुरुवारी सकाळी गर्दीच नसते. आणि थांबायचं असेल तर चढाच्या मागे, वरून दिसणार नाही अशा ठिकाणी कधीही थांबायचं नाही. पडलात आणि उठता येत नसेल तर स्की काढून तुमच्या वरच्या बाजूला फुलीसारख्या उभ्या रोवायच्या. ती फुली बघितली की येणाऱ्याला कळतं की खाली कोणीतरी पडलंय.

कॅल्गरीची मावशी

रानजाई, तुझं ते गाडीत बसून डोळ्यात पाणी येणं वाचलं आणि मला राहवेना, म्हणून लिहितेय. मी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी शिकले. आता एकसष्ट. हे गेले त्याला पाच वर्षं झाली. त्या हिवाळ्यात सगळे म्हणाले, आता मावशी कसल्या जातात डोंगरात. मी फेब्रुवारीत गेले, सनशाइन या आमच्या इथल्या स्की रिसॉर्टला, एकटी.

बर्फात एकटं असण्यात एक शांतपणा आहे, तो घरातल्या एकटेपणासारखा नाही गं. घरात एकटं असलं की घर बोलत नाही म्हणून त्रास होतो. डोंगर बोलेल अशी अपेक्षाच नसते. तिथे पुढचं वळण, त्याच्या पुढचं वळण, एवढंच डोक्यात राहतं, आणि संध्याकाळी लक्षात येतं की आज सहा तास आपण कशाचाच विचार केला नाही. मला त्यानेच तारलं. तेव्हा आईला सांग की पोरगी मजा मारायला जातेय असं नको समजूस, ती श्वास घ्यायला जातेय.

आता मावशी म्हणून दोन गोष्टी. आमच्याकडे उणे पंचवीस म्हणजे नेहमीचं, तुमच्याकडेही वारा सुटला की फार वेगळं नसतं. बरोबर कोणी असलं की ते सांगतं, अगं तुझं नाक पांढरं पडलंय. एकटीला नाही दिसत, आणि फ्रॉस्टबाइट सुरू होताना दुखतही नाही, उलट दुखायचं थांबतं. म्हणून दर दोन लिफ्टनंतर मी आडोशाला जाऊन फोनचा कॅमेरा उलटा करून गाल, नाक, कानाच्या पाळ्या बघते. पांढरट मेणासारखा ठिपका दिसला की सरळ आत, उघडा तळवा त्यावर नुसता धरून ठेवायचा, चोळायचं अजिबात नाही.

दुसरं असं की आमच्या सनशाइनमध्ये डेलिरियम डाइव्ह म्हणून एक भाग आहे, त्याच्या फाटकातून आत जायचं तर ॲव्हलांच बीकन (हिमस्खलनात गाडलेल्याला शोधायचं सिग्नल यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) हे तर लागतंच, शिवाय बरोबर जोडीदार असल्याशिवाय आत सोडत नाहीत. कितीही पट्टीचे असा, एकट्याला प्रवेश नाही. मला हे फार आवडतं. डोंगरानेच सांगून ठेवलंय कुठे एकटीने यायचं आणि कुठे नाही.

रानजाई

मावशी, काय लिहू. तुमचं उत्तर नवऱ्याला वाचून दाखवलं, तोही गप्प झाला. आईला आज रात्री वाचून दाखवणार आहे.

देवदार दादा, तुमचा अनुभव वाचून अंगावर काटा आला. चाळीस फुटांवर लोक हसतायत आणि ऐकू जात नाही, हे डोक्यातून जातच नाहीये. झाडांचा विषय माझ्यापुरता मिटला. कडेलोट, तुमचा खांदा आता बरा आहे ना?

एक विचारायचं राहिलं. मार्चमध्ये ऑफिसच्या कामाने एक आठवडा झुरिचला जाणार आहे, शनिवार मोकळा आहे. तिथे एकटीने एक दिवस जाणं जमेल का?

लिमाटकाठ (झुरिच)

जमेल म्हणजे काय, इथे तर एकटीने जाणं जास्तच सोपं. गाडी लागतच नाही. सकाळी झुरिचच्या मुख्य स्टेशनवर बघ, स्की बूट खांद्यावर टाकलेली शाळकरी पोरं, आजोबा, सगळे एकाच गाडीत चढत असतात. फ्लुम्सरबर्ग जवळ आहे, गाडीतून उतरून समोरच केबल कार. परतीचं ड्रायव्हिंग ही वर जी भीती लिहिली आहे ती इथे नाही, दमलीस तर गाडीत झोप काढ.

पण अमेरिकेतून येणाऱ्यांची एका बाबतीत हमखास गफलत होते. तिकडे रिसॉर्टच्या दोरीच्या आतला सगळा डोंगर पॅट्रोल सांभाळतं, ॲव्हलांचचा बंदोबस्त आतल्या सगळ्या भागात होतो. इथे फक्त पिस्ट, म्हणजे खांब लावून आखलेली वाट, तेवढीच सांभाळलेली असते. खांबापासून दहा पावलं बाहेर गेलीस तरी तू उघड्या डोंगरावर. लिफ्टवरून दिसतंय, चार जणांच्या रेघा उमटल्यात, म्हणजे सेफ असणार, असं तिकडून आलेल्या माणसाला वाटतं आणि ते साफ चूक आहे. दावोसच्या एसएलएफ संस्थेचं हिमस्खलनाचं बुलेटिन हिवाळ्यात रोज संध्याकाळी पाच वाजता येतं, धोक्याच्या पाच पायऱ्या असतात. तीन हा आकडा मधला म्हणून लोकांना साधा वाटतो आणि त्याच दिवशी लोक फसतात. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर वाचायची आशा चांगली असते, नंतर ती झपाट्याने घसरते. म्हणजे तुला कोण खणून काढणार, तर तुझ्याबरोबर तिथे असलेलाच माणूस, हेलिकॉप्टर नव्हे. एकटीच्या अंगावर बीकन असलं तरी तो सिग्नल ऐकायला कोणी नसतं. म्हणून खांबांच्या आत राहा, इथले पिस्ट इतके लांब आणि सुंदर आहेत की एका दिवसात संपत नाहीत.

पैशाचंही बघ. इथे बचावकार्याचं बिल येतं, पिस्टवरचंसुद्धा. प्रवासाच्या इन्शुरन्समध्ये स्कीइंग आणि हेलिकॉप्टर दोन्ही आहे का ते निघायच्या आधी वाच. रेगाचा हेलिकॉप्टरचा नंबर १४१४, आणि युरोपभर ११२ चालतो.

ढग उतरले आणि सगळं पांढरं झालं, जमीन कुठे आणि आभाळ कुठे कळेना, तर उजव्या कडेच्या खांबांवर नजर ठेवून एक एक खांब करत खाली ये. अशा वेळी एकटीला पोटात मळमळायला लागतं, उभे आहोत की सरकतोय तेच कळत नाही. घाबरू नकोस, थांब, पोल बर्फात रोवून उभी राहा, कोणीतरी येतंच, त्याच्या मागे निघ.

सह्यभटक्या (पुणे)

आमच्यासारख्या इकडच्या लोकांसाठीही लिहितो, कारण इथे बरेच जण गुलमर्गचे व्हिडिओ बघून एकट्याने निघतात. मी गुलमर्गला कोर्स केला आणि पुढच्या वर्षी एकटाच गेलो, एकूण अकरा दिवस.

गोंडोलाच्या (केबल कारच्या) पहिल्या टप्प्यापर्यंत, कोंगदोरीच्या आसपास, ठीक आहे. दुसरा टप्पा अफरवटच्या खांद्यावर जवळजवळ ३,९५० मीटरवर नेऊन सोडतो, आणि तिथे वर लिफ्टच्या समोरचा मुख्य भाग सोडला तर बाकी सगळा डोंगर मोकळा आहे. आखलेल्या वाटा नाहीत, संध्याकाळी कोणी चाळत येत नाही. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटवर हिमस्खलन झालं, पोलंडचे दोन स्कीअर गेले. २०२४ च्या फेब्रुवारीत पुन्हा झालं, रशियाचा एक जण गेला. हे लोक काही नवखे म्हणून आले नव्हते. त्यामुळे गुलमर्गमध्ये एकटं जाणं याचा अर्थ मी एवढाच घेतो की पुण्याहून एकटा आलो. डोंगरावर मात्र स्थानिक गाइड बरोबर, आणि बीकन-फावडं-प्रोब दोघांकडे, तिथे भाड्याने मिळतं. सकाळी पॅट्रोलचा ॲव्हलांचचा फलक वाचल्याशिवाय गोंडोलाचं तिकीट काढायचं नाही.

एक साधी गोष्ट जिच्यामुळे माझी पंचाईत झाली, बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही. पोस्टपेड लागतं. मला श्रीनगरला उतरल्यावर कळलं. एकट्या माणसाकडे डोंगरात फोनच नसेल तर वरच्या सगळ्या सल्ल्यांचा काय उपयोग? निघायच्या आधी बदलून घ्या.

माझ्या गाइडची एक सवय मी उचलली. तो उतरायच्या आधी दरवेळी थांबून, पोलने हवेत रेघ ओढल्यासारखं करून, मोठ्याने बोलायचा: इथून तिथे, मग त्या खडकाच्या खाली थांबणार. मला वाटायचं माझ्यासाठी बोलतोय. एकदा तो माझ्यापासून लांब एकटाच उभा होता, तेव्हाही ओठ हलताना दिसले. विचारलं तर म्हणाला, तोंडाने बोललं की पाय घाई करत नाहीत. सह्याद्रीत एकटा कातळावर चढताना मी आता तेच करतो.

देवदार (सिएटलजवळ)

हे फार आवडलं, तोंडाने बोललं की पाय घाई करत नाहीत. उद्यापासून करून बघतो.

कडेलोट

रानजाई, खांदा आता बरा आहे, विचारल्याबद्दल आभार. थंडीत जरा ठणकतो. माझं मत पूर्ण बदललंय असं नाही, पण गुरुवार सकाळचा मुद्दा पटला. इतक्या दिवसांनी मीही एखादा गुरुवार काढावा म्हणतो.

रानजाई

काल गुरुवार होता. जाऊन आले.

निघण्याआधी फ्रिजवर चिठ्ठी लावली: कुठे जातेय, गाडी कुठल्या पार्किंगमध्ये असेल, अडीचला थांबणार, तीनला फोन करणार, साडेतीनपर्यंत फोन आला नाही तर या नंबरवर पॅट्रोलला कळव. नवऱ्याने ती वाचली, नंबर फोनमध्ये घातला, आणि दिवसभर पहिल्यांदाच फोन हातात घेऊन बसला नाही, लेकीबरोबर कॅरम खेळत होता म्हणे. त्याला "सांभाळून जा" असं नुसतं म्हणायचं नव्हतं, काहीतरी करायला हवं होतं, हे माझ्या आधी लक्षात आलं नाही.

बॅग नेली नाही. फोन आत छातीशी, शिट्टी गळ्यापाशी, जॅकेटच्या खिशात शेंगदाण्याची चिक्की. बुधवारी रात्री आठ इंच पडला होता, त्यामुळे सकाळी झाडांमध्ये काय दिसत होतं म्हणून सांगू, फांद्यांवर कापसासारखा बर्फ आणि मधून निळसर सावली. लिफ्टवरून बघत बसले. देवदार दादांची आठवण झाली आणि बघण्यातच समाधान मानलं. लिफ्टवर शेजारी एक सत्तरीच्या बाई होत्या, त्याही एकट्याच, त्या म्हणाल्या की त्यांचा एक ग्रुप आहे, दर मंगळवारी येतो, झाडीत जायचं असेल तर आमच्याबरोबर ये. नंबर घेतलाय. मंगळवारी सुट्टी मिळते का बघते.

सव्वादोनला पाय चांगले होते, ऊन होतं, रन मोकळा होता आणि अजून एक करावासा फार फार वाटला. खाली उभी राहून दोन मिनिटं लिफ्टकडे बघत होते. मग बकल्स सैल केली आणि गाडीकडे चालायला लागले. रात्री आईला फोन केला, मावशींचं वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, त्या मावशींना विचार, त्या एवढ्या थंडीत नाकाला काय लावतात.

मावशी, सांगाल का?